घरी मित्रांबरोबर पहिल्यांदाच पोकर : सुरुवात कशी करावी?

ओंकार_वाकड

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आमच्या फ्लॅटवर सहा जण पोकर खेळायला बसणार आहोत. रमी आणि तीन पत्ती सगळ्यांना येते, लहानपणी मेंढीकोटही भरपूर झालंय. पोकर मात्र कुणीच समोरासमोर बसून खेळलेलं नाही. दोघांनी मोबाइलवर फुकटचे डाव खेळलेत, पण तिथे पाळी कुणाची, पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) किती, जिंकलं कोण हे सगळं ॲपच सांगतं. टेबलावर ते आमचं आम्हालाच बघायचं आहे.

अडचणी अशा : चिप्स नाहीत, विकत घ्यायच्या का? प्रत्येकाला किती द्यायच्या? पैसे लावायचे तर किती? आमच्यातला एक जण नोकरी सोडून एमपीएससीची तयारी करतोय. पैशांमुळे तो "मी नाही येत" म्हणतोय, आणि मला तो यायलाच हवा आहे. शिवाय कुणी ऑल-इन गेलं, म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स लावल्या, की पॉट वेगळा काढतात ते अजिबात डोक्यात शिरलेलं नाही.

टेक्सास होल्डेमच (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, समोर सगळ्यांचे मिळून पाच) खेळायचं ठरलंय. ज्यांनी घरी टेबल लावलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

सोलापूरकर

होल्डेम ठरवलंत ते बरं केलंत, पहिल्यांदा ओमाहाच्या (हातात चार पत्ते असलेल्या पोकरच्या) वाटेला जाऊ नका. कोण मोठं, कोण छोटं ते एका कागदावर लिहून प्रत्येकासमोर ठेवा : रॉयल फ्लश (एकाच रंगाचे एक्का ते दश्शी), स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाचा सिक्वेन्स), चार सारखे, फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी), फ्लश (पाचही एका रंगाचे), स्ट्रेट (पाचांचा सिक्वेन्स), तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर मोठा पत्ता.

पैसे मात्र लावा. फुकटच्या चिप्सवर माणूस सत्ती-दुर्री घेऊनही ऑल-इन जातो आणि अर्ध्या तासात सगळ्यांना कंटाळा येतो. पाचशे-पाचशे काढा, खेळ आपोआप शहाणा होईल.

मंजिरी_ठाणे

ओंकार, तुझ्याच वयाची माझी भाची आमच्या टेबलावर असते, म्हणून अरेतुरे करते.

आम्ही काही वर्षं ह्यूस्टनला होतो. तिथल्या मराठी मंडळींत एका काकांच्या घरी शुक्रवारी रात्री पोकर असायचं. आधी साबुदाण्याची खिचडी, मग पत्ते. रॉब्सटाउन नावाचं गाव तिथून काही तासांवर आहे. होल्डेम तिथलंच, असं टेक्सासच्या विधिमंडळाने 2007 साली ठराव करून मान्य केलं. परत आल्यावर ठाण्यात मी महिन्याकाठी एकदा टेबल लावते : दोन शेजारी, ऑफिसातली एक मैत्रीण, धाकटे दीर, भाची. नवं माणूस आलं की मी सगळ्यात आधी जे करते ते तुला सांगते, कारण ते मला बाकी सगळ्याहून महत्त्वाचं वाटतं.

पहिला तास पत्ते उघडे ठेवून खेळा. हातातले दोन्ही पत्ते प्रत्येकाने आपल्यासमोर सुलटे ठेवायचे. बाकी सगळं खऱ्यासारखं : ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांनी लावायची ठरलेली रक्कम, एकाची छोटी, दुसऱ्याची मोठी) लावायचे, पाळीने बोलायचं, चिप्स पुढे सरकवायच्या. फक्त बोलताना मोठ्याने कारण सांगायचं. "माझ्याकडे राणी-दश्शी आहे, समोर राणी पडली, तिच्याकडे राजांची जोडी दिसतेय, म्हणून मी फोल्ड, पत्ते खाली." नवखा माणूस पोकरमध्ये घाबरतो तो पैशाला नाही, सगळ्यांसमोर वेडगळ दिसायला. पत्ते उघडे असले की विचारायची भीती जाते, आणि चूक झाली तर सगळे मिळून दुरुस्त करतात. पाळीचा क्रम, पॉट मोजणं, विजेता ठरवणं हे याच तासात हातात बसतं. मग पत्ते झाका.

याच तासात तीन पत्तीच्या सवयी मोडायच्या. तुमच्या सगळ्यांची तीच खोड असणार. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. पोकरमध्ये नेमकं उलटं, कलर म्हणजे फ्लश सिक्वेन्सला मारतो. हा कुणाचा हट्ट नाही, हिशोब आहे. तीन पत्त्यांचे एकूण 22,100 संच होतात, त्यात कलर 1,096 आणि सिक्वेन्स 720. म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तो मोठा. पाच पत्त्यांचे संच 25,98,960. त्यात स्ट्रेट 10,200 आणि फ्लश 5,108. पत्ते पाच झाले की कलर जुळणं जास्त अवघड होतं. हा आकडा एकदा ऐकला की माणूस पुन्हा गोंधळत नाही, निदान आमच्याकडे तरी कुणी गोंधळलं नाही.

दुसरं, एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत अगदी वरचा सिक्वेन्स. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात छोटा स्ट्रेट. तिसरं, इस्पिक बदामपेक्षा मोठं वगैरे काही नाही, चारही रंग सारखे. बरोबरी झाली की पॉट वाटून घ्यायचा. चौथं, इथे चेक असतं : तुमच्या आधी कुणी काही लावलं नसेल तर एकही चिप न टाकता पाळी पुढे ढकलता येते. तीन पत्तीवाल्यांना हे पटत नाही, ते उगीच काहीतरी टाकत बसतात. त्यांना आठवण करून द्यावी लागते.

चिप्सचं सांगते. पहिल्या खेपेला विकत घेऊ नकोस. चवळी, काबुली चणे आणि राजमा घे. चवळीचा दाणा 5, चण्याचा 25, राजम्याचा 100. प्रत्येकाला 10 चवळी, 10 चणे, 7 राजमे, म्हणजे बरोबर 1,000. ब्लाइंड 5 आणि 10 पासून सुरू कर, म्हणजे प्रत्येकाकडे शंभर मोठे ब्लाइंड होतात आणि खेळायला ऐसपैस जागा मिळते. ब्लाइंड दर वीस मिनिटांनी वाढव : 10-20, 15-30, 25-50, 50-100, 75-150, 100-200. टेबलावर मिळून चिप्स 6,000 च आहेत, त्यामुळे सातव्या पायरीपर्यंत डाव आपोआप आवळत येतो आणि अडीच तासांच्या आसपास निकाल लागतो. 25-50 झालं की चवळीचं काम संपलं, ती बदलून चणे द्यायचे. टेबलावर जाड चादर घाल, नाहीतर दाणे पळतात. पत्तेही उचलायला सोपे जातात.

आता पैसे. सोलापूरकर, तुमचं निम्मं मला पटतं : काहीच लागलेलं नसेल तर खेळ भरकटतो. पण पाचशे नव्हे. टेबलावरचा सगळ्यात कमी कमावणारा माणूस जो आकडा न विचार करता देईल तो आकडा, आणि तो त्याला सगळ्यांसमोर विचारायचा नाही. ओंकार, तू आपला शंभर जाहीर करून टाक. एकदा शंभर दिले की रात्रभर कुणाच्याही खिशातून आणखी एक रुपया निघणार नाही, चिप्स संपल्या की तो डाव त्याच्यासाठी संपला. सहाशे जमतील. पहिल्याला चारशे, दुसऱ्याला दोनशे. पुन्हा चिप्स घ्यायच्या नाहीत, उसने द्यायचे नाहीत, मध्येच "यूपीआय करतो" नाही. तुझ्या मित्राला फोन करून नेमकं हेच सांग : जास्तीत जास्त शंभर जातील, आणि जेवण तुझ्याकडे. घरी बसलेल्या माणसाला "किती जातील ते माहीत नाही" याची धास्ती असते. वरची मर्यादा कळली की ती धास्ती जाते. ज्या टेबलावर एखाद्या मित्राला महिनाअखेर आठवावी लागते ते टेबल मला चालत नाही, माझ्या घरी तरी नाही.

जो लवकर बाद होईल त्याला पत्ते वाटायला बसव. वाटणारा कायमचा एक मिळाला की खेळाचा वेग दुप्पट होतो आणि बाद झालेला माणूस मोबाइल काढून कोपऱ्यात जात नाही.

पाळीचं थोडक्यात. डीलरसमोर एखादी वाटीची झाकणी ठेवा, तेच बटण. प्रत्येक डावाला ते एक घर डावीकडे सरकतं. पत्तेही डावीकडूनच वाटायचे. बटणाच्या डावीकडचा छोटा ब्लाइंड, त्याच्या पुढचा मोठा. पहिल्या फेरीत मोठ्या ब्लाइंडच्या पुढचा आधी बोलतो. फ्लॉप, म्हणजे समोरचे पहिले तीन पत्ते, पडल्यापासून पुढे बटणाच्या डावीकडचा. दोघंच उरले की बटणवालाच छोटा ब्लाइंड लावतो, पहिल्या फेरीत तो आधी बोलतो आणि नंतरच्या फेऱ्यांत शेवटी.

आणि बोलायची शिस्त पहिल्या दिवसापासून. रेझ करायचं, म्हणजे लावलेली रक्कम वाढवायची, तर एकूण आकडा एकदाच सांगायचा : "साठ." "हे तुझे वीस... आणि वर आणखी चाळीस" असं सिनेमात शोभतं, टेबलावर चालत नाही. कारण वीस टाकून समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग चाळीस टाकायचे, ही फसवणूक होते. तोंडातून गेलं ते गेलं. आधीची वाढ जेवढी असेल निदान तेवढी तरी पुढची वाढ हवी : 10 चे 30 केले असतील तर त्यावर किमान 50.

साइड पॉटचं रात्री लिहिते, आता कुकर लावायचा आहे.

अ‍ॅड_कोल्हापूर

कायद्याचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण लिहून ठेवतो. आपल्याकडे 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या कलम 13 मध्ये केवळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं, आणि त्याच निकालात तीन पत्तीच्या प्रकारच्या खेळाला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं. पोकरबाबत उच्च न्यायालयांत एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगार ठरवलं. तेव्हा "पोकर म्हणजे कौशल्य, काही होत नाही" असं छातीठोकपणे कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

जुगाराचा अड्डा ठरवताना जागा चालवणाऱ्याचा नफा कायद्यात महत्त्वाचा आहे. म्हणून घरच्याने पॉटमधून टक्का, "टेबलभाडं", पत्त्यांचे पैसे असं काहीही घ्यायचं नाही. सगळ्यात निर्धास्त मार्ग म्हणजे पैसे लावूच नयेत. ऑनलाइन टेबल करून पैसे लावायचा विचार तर अजिबात नको. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले आहेत.

मंजिरी_ठाणे

वकीलसाहेब, आभार. टेक्सासच्या कायद्यातही घरगुती खेळाला सूट आहे ती याच धर्तीवर : जागा खासगी हवी, जिंकलेल्या रकमेखेरीज कुणाला आर्थिक फायदा नको आणि सगळ्यांना जिंकण्याची संधी सारखी हवी. ते काका सामोसे स्वतःच्या पैशांनी आणायचे आणि वर्गणी काढू द्यायचे नाहीत, त्यामागे हेच होतं. ओंकार, तुमचं मन कचरत असेल तर शंभर रुपयेही नकोत. सगळ्यात आधी बाद होणाऱ्या दोघांनी पुढच्या वेळी सगळ्यांना मिसळ करून घालायची, असं लावा. बाहेरून मागवायची नाही, करायची. आमच्याकडे भाचीच्या मैत्रिणी येतात तेव्हा असंच असतं, आणि खात्रीने सांगते, कट करत बसायला लागू नये म्हणून मुली फार जपून खेळतात.

आता साइड पॉट. समज, समीरकडे 150 च उरलेत. तू आणि निखिल, दोघांकडे भरपूर. समीर ऑल-इन, निखिल 400 लावतो, तू कॉल करतोस, म्हणजे तेवढेच टाकतोस. नियम एकच : ज्याने जेवढे टाकले तेवढेच तो प्रत्येकाकडून जिंकू शकतो. म्हणून तिघांकडून 150-150 घेऊन 450 चा एक ढीग मध्ये करा. हा मुख्य पॉट, याच्यावर तिघांचा हक्क. तुझे आणि निखिलचे उरलेले 250-250, म्हणजे 500, बाजूला. हा फक्त तुम्हा दोघांचा. पत्ते उघडले आणि समीरचा हात सगळ्यात भारी निघाला तर तो 450 घेतो, 500 चा निकाल तुमच्या दोघांत. आधी बाजूचा पॉट सोडवायचा, मग मधला. आणि ढीग खरोखर दोन करा, मनातल्या मनात नको.

ओंकार_वाकड

मंजिरीताई, खूप खूप आभार. साइड पॉट आज पहिल्यांदा कळला. मित्राला फोन केला, मिसळीचं सांगितलं. तो येतोय! पैसे लावत नाही आहोत.

काल आम्ही तिघांनी उघड्या पत्त्यांनी खेळून बघितलं आणि एका डावावर वाद झाला. समोर राजा, राजा, सत्ती, सत्ती, एक्का. माझ्याकडे तिर्र्यांची जोडी, मित्राकडे राणी-गुलाम. मी म्हणालो माझ्या तीन जोड्या झाल्या. तो म्हणाला त्याची राणी मोठी. कोण बरोबर?

आणि फोल्ड नेमकं कधी करायचं? आम्ही तिघंही प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळत होतो.

मंजिरी_ठाणे

दोघंही नाही. पॉट अर्धा-अर्धा.

सात पत्त्यांतले सगळ्यात चांगले पाच घ्यायचे, सहावा-सातवा नाहीच असं समजायचं. तुझे पाच : राजा-राजा-सत्ती-सत्ती-एक्का. त्याचेही तेच पाच. तुझ्या तिर्र्या आणि त्याची राणी पाचात येतच नाहीत. तीन जोड्या असा प्रकार पोकरमध्ये नाही. हातातले दोन्ही पत्ते वापरलेच पाहिजेत असंही नाही. एक वापरा, दोन्ही वापरा, एकही नको. निकाल लावताना पाच पत्ते एका ओळीत मांडून दाखवायची सवय लावा, असे वाद तिथेच मिटतात.

फोल्डचं विचारलंस ते फार बरं झालं. पोकर शिकायचं म्हणजे मुख्यतः हेच शिकायचं. रमीत वाईट पत्ते आले तरी माणूस लावत बसतो, जुळतं कधीतरी. इथे वाईट पत्ते खाली ठेवायचे आणि तो डाव बघत बसायचं. बघण्यातच अर्धं शिक्षण आहे, कोण कशावर किती लावतो ते तेव्हाच दिसतं. हातात जोडी सरासरी सतरा डावांत एकदा येते. एक्का-राजासारखे चांगले पत्ते आले तरी फ्लॉपवर त्यातला एक तरी जुळतो तो तिनातून एकदाच. "दोन्ही बदाम आहेत" म्हणून नव्वी-दुर्री खेळणाऱ्याला सांग, फ्लॉपवरच फ्लश जुळायची शक्यता एक टक्काही नाही. सहा जणांच्या टेबलावर नवख्याने चार-पाच डावांतला एक खेळावा असं माझं मत आहे. उशिरा बोलायची पाळी असेल तर थोडे जास्त, कारण बाकीचे काय करतात ते आधी दिसलेलं असतं.

मधल्या फेरीत कॉल करावा की नाही, त्याचा हिशोब तोंडी करता येतो. चार पत्ते उघडलेत, तुझे चार बदाम झालेत, पाचव्याची वाट बघतोयस. पॉटमध्ये 100, समोरच्याने 50 लावले. तुला 50 टाकून 150 मिळवायचे आहेत. म्हणजे चारातून एकदा तरी जिंकायला हवंस, तरच सौदा बरोबरीत सुटतो. न दिसलेले पत्ते 46, त्यात बदाम 9. म्हणजे बदाम पाचातून एकदाही नीट येत नाही. ठेव खाली. पण तेच त्याने 50 ऐवजी 20 लावले असते तर 20 टाकून 120 मिळतात, सातातून एकदा जिंकलं तरी भागतं, मग जरूर कॉल कर. पत्ते तेच, बदाम तेवढेच, फक्त मागितलेली किंमत वेगळी. भाचीला हा हिशोब कळला त्या रात्री तिचं डोळे बारीक करून समोरच्याचा चेहरा बघणं थांबलं आणि ती पॉट मोजायला लागली. तेव्हापासून तिला हरवणं अवघड झालंय, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

सोलापूरकर

ताई, मिसळीची कल्पना आवडली. पाचशेचा हट्ट मागे घेतो. एक विचारू का? वर पत्ता जाळायचा की नाही ते नाही लिहिलंत.

मंजिरी_ठाणे

जाळायचा. फ्लॉप, टर्न (समोरचा चौथा पत्ता), रिव्हर (पाचवा), तिन्हींच्या आधी वरचा एक पत्ता न बघता बाजूला. घरच्या कॅटमधल्या पत्त्यांचे कोपरे दुमडलेले असतात, कुणालातरी वरचा पत्ता ओळखू येतोच. पुढे उघडणारा पत्ता आधीपासून कुणाला दिसत राहू नये म्हणून ही सोय.

ओंकार_वाकड

ताई, शेवटचं एक. दोन मित्र वाढले, आता आठ जण झालो. एका कॅटमध्ये भागेल का? आणि चवळी-चण्यांचं गणित बदलेल का?

मंजिरी_ठाणे

आरामात भागेल. आठ जणांचे सोळा, समोरचे पाच, जाळलेले तीन, एकूण चोवीस पत्ते. चवळी 80, चणे 80, राजमे 56 मोजून आठ वाट्यांत आधीच भरून ठेव. टेबलावर चिप्स 8,000 होतात, म्हणून डाव थोडा लांबेल. वीस मिनिटांऐवजी पंधराला ब्लाइंड वाढवलेस तरी चालेल. वेगळ्या रंगाच्या पाठीचा दुसरा कॅट मिळाला तर जरूर ठेव : एक वाटला जात असताना शेजारच्याने दुसरा पिसायचा. आणि जोकर आधी काढून ठेवा, रमीच्या कॅटमध्ये राहून जातात.